एमबीबीएसला मुला-मुलींचे मार्क कुठे गळतात आणि ते कसे थांबवायचे

रिझल्ट लागला की आमच्याकडे कोकणात पहिला प्रश्न ठरलेला, यंदा मुली पुढे की मुलगे. आता सावर्डे, पडवे, ओरोस, अलिबाग, रत्नागिरी एवढ्या ठिकाणी मेडिकल कॉलेजं झालीत त्यामुळे ही चर्चा एसटीत पण ऐकू येते. पण "मुली घोकतात", "मुलग्यांचं डोकं जास्त चालतं" असं बोलून कोणाचा एक मार्क वाढत नाही. फरक असतो, पण थोडा असतो आणि पेपरच्या प्रकाराप्रमाणे फिरतो. परदेशात ह्यावर बरंच काम झालंय, त्यात पेशंटसमोरच्या परीक्षेत मुली बहुतेकदा थोड्या पुढे दिसतात, एमसीक्यूत, म्हणजे चार ऑप्शनमधून एक निवडायच्या प्रश्नांत, तसं दिसतच असं नाही, कधीकधी मुलगे थोडे पुढे असतात. तेव्हा आधी आपले स्वतःचे मार्क कुठे जातात ते शोधा.

शेवटच्या तीन मॉक टेस्ट काढा, प्रत्येक प्रश्नापुढे पेनाने खूण करा: पक्कं येत होतं, दोन ऑप्शनमध्ये अडकले, कोरा सोडला. मुलींनो, कोऱ्या प्रश्नांकडे नीट बघा. एमबीबीएसनंतर एमडी-एमएसच्या प्रवेशासाठी जी नीट पीजी परीक्षा असते तिला 200 प्रश्न, बरोबरला 4, चुकीला 1 कापतात, कोऱ्याला शून्य. चारपैकी दोन ऑप्शन उडवलेत आणि उरलेल्यातला एक निवडला तर सरासरी दीड मार्क पदरात पडतो. डोळे मिटून तुक्का मारला तरी सरासरी पाव मार्क मिळतोच, तोटा नाही. माझ्या एका मॉकमध्ये असे दोघांत अडकून सोडलेले 20 प्रश्न निघाले, म्हणजे साधारण 30 मार्क मी स्वतःच्या हाताने सोडून आले होते, अभ्यास झालेला असून! कॅथरीन बाल्डिगा ह्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी 2014 साली छापलेल्या प्रयोगात हेच दिसलं की चुकीला मार्क कापतात तेव्हा मुली जास्त प्रश्न सोडतात, कापणं बंद केलं की कोणीच सोडत नाही. म्हणून नियम परीक्षेच्या आधीच ठरवा, एक जरी ऑप्शन उडाला तरी उत्तर द्यायचंच, हॉलमध्ये बसून विचार करायचा नाही.

आणि मुली कमी पडतात असं कोणी म्हटलं तर टोकियोचं सांगा, तिथल्या एका मेडिकल युनिव्हर्सिटीने प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क मुद्दाम खाली ओढले होते, 2018 ला ते उघड झालं.

आता मुलग्यांनो तुमचं. लाँग केसला, म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षेत एक पेशंट पूर्ण तपासायचा असतो तेव्हा, आमच्या बॅचचा एक हुशार मुलगा थेट आजींच्या पोटावर हात ठेवून दाबायला लागला, आजींनी हात बाजूला सारला, एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, नुसते बघत राहिले. थिअरी त्याची तोंडपाठ होती. नंतर दुसरी मुलगी गेली, खाली वाकून म्हणाली "आजी, खंय दुकता?" (कुठे दुखतं?), आधी हात चोळून गरम केले, मग दाबताना पोटाकडे नाही तर आजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि आजींनी जेवणापासून झोपेपर्यंत सगळी हिस्ट्री स्वतःहून सांगितली. हे जन्मजात नसतं हो, सवयीचं आहे. रोज संध्याकाळी वॉर्डमध्ये एक पेशंट घ्या, वीस मिनिटं, नाव विचारणं, परवानगी, पडदा ओढणं, हे सगळं मोठ्याने बोलून करा आणि मित्राला चेकलिस्ट घेऊन शेजारी उभं करा. जर्नल, म्हणजे केस लिहायची वही, पण त्याच आठवड्यात सही करून घ्या, शेवटच्या रात्री कॉपी केलेलं जर्नल व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, लगेच कळतं.

आणखी एक, ज्याचा डोक्याशी काही संबंध नाही. गणपतीला घरी गेलं की मुलगा पुस्तक घेऊन माडीवर, मुलगी स्वयंपाकघरात, आणि पुढे परीक्षा दोघांची एकच. घरी जायच्या आधी फोनवर वेळ मागून घ्या. मी आईला टाइमटेबलच पाठवलं, तिने दादाला नारळ खवायला बसवलं आणि मला दुपारचे तीन तास मिळाले.