पाण्यातल्या बेडकाला लागलं तर काय काय हाताशी हवं

हे मी गोट्याचं बोट तुटल्यावर लिहितोय, म्हणजे उशिराच. गोट्या म्हणजे आमचा आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, कायम पाण्यातच राहणारा पाळीव बेडूक, अल्बिनो म्हणजे पांढरा, हातभर लांब उडी मारणारा. रात्री साडेदहाला गाठी असलेल्या जाळीत त्याचं बोट अडकलं, मी घाईत ओढलं, आणि मग नाशिकच्या सिडकोत त्या वेळेला कुठलं फिशटँकचं दुकान उघडं असणार, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन संपलेलं, आणि आई हळदीचा डबा घेऊन शेजारी उभी.

तर पहिलं म्हणजे एक वेगळा टब, दहा-बारा लिटरचा, साबणाने कधीही न धुतलेला. त्याला झाकण पाहिजेच, कारण आजारी बेडूकसुद्धा उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो. झाकणाला भोकं आतून बाहेर पाडा, म्हणजे प्लास्टिकचे टोकदार काठ बाहेरच्या बाजूला येतात, नाहीतर जखम बरी करायला ठेवलेल्या बेडकाचं नाक घासून नवी जखम. खाली रेती-खडे काही नको, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. पाणी कमी ठेवा, हा फुप्फुसाने श्वास घेतो, अशक्त असताना त्याला वर येणं सोपं पडलं पाहिजे. जाळी मऊ, बिनगाठीची घ्या, किंवा सरळ पावडर नसलेले ग्लोव्हज ओले करून हाताने उचला.

खरं औषध म्हणजे पाणी, आणि त्याची तयारी सगळ्यात कंटाळवाणी. बेडकाच्या कातडीतून बरंच काही आत जातं, त्यामुळे नळाचं क्लोरीनवालं पाणी त्याला बाधतं. अँटी-क्लोरीनचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते नेहमी जास्तीचे आणून ठेवा, आणि एक वीस लिटरचा कॅन पाणी तयार करून टबाच्याच खोलीत ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं राहतं. टबातलं पाणी रोज बदलायचं, अमोनियाचं टेस्ट किट असेल तर तपासायचं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि याला साधारण १८ ते २२ अंश मानवतं, म्हणून थर्मामीटर हवा. हीटर लावलात तर जाळीचं कव्हर घालून लावा, बेडूक त्याला चिकटून बसतो आणि भाजून घेतो.

मीठ आयोडीन नसलेलं लागतं, किराणा दुकानातलं बहुतेक आयोडीनवालंच असतं, म्हणून अ‍ॅक्वेरियमचं मीठ घेऊन ठेवा. किती घालायचं ते डॉक्टरांना विचारून, आणि छोट्या ड्वार्फ फ्रॉगला तर अजिबात आपल्या मनाने नको. डॉक्टर वजनाच्या हिशोबाने डोस देतात, म्हणून सोनार वापरतात तसला ग्रॅमचा छोटा काटा खूप कामाला येतो, डब्यासकट तोलायचं आणि डब्याचं वजन वजा करायचं.

काय लावायचं नाही, हे टबच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा: हळद, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि वेदनाशामक बेंझोकेन किंवा लिग्नोकेन असलेलं मलम तर बिलकुल नाही, बेंझोकेनसारख्या द्रव्यानेच बेडकांना भूल देतात, म्हणजे जखमेवर लावलं की बेडूक कायमचा झोपू शकतो. माशांच्या बऱ्याच औषधांत मॅलॅकाइट ग्रीन किंवा फॉर्मेलिन असतं, तेही नको.

लक्षणं आधीच ओळखून ठेवा. मांड्यांच्या आतून आणि पोटावर लाली आली की त्याला रेड लेग म्हणतात, एरोमोनाससारखे जिवाणू त्यामागे असतात, यात मीठ पुरत नाही, अँटिबायोटिक लागतं. जखमेवर कापसासारखं पांढरं वाढलं तर बुरशी. पण अख्ख्या अंगावरून मलमलीसारखा पापुद्रा सुटत असेल तर घाबरू नका, तो कात टाकतोय, आणि बघता बघता स्वतःच ओढून खाऊनही टाकतो (मी पहिल्यांदा हे बघून दुकानदाराला तीन फोन केले होते). पोट फुग्यासारखं फुगलं तर सुई टोचायची नाही, सरळ डॉक्टर.

तसं याचं कातडं मुळात भारी असतं. १९८७ मध्ये मायकेल झास्लॉफ या संशोधकाने याच जातीच्या कातडीतून जंतूंना मारणारे पदार्थ वेगळे काढले, मॅगेनिन नाव दिलं. ऑपरेशननंतर गढूळ टाकीत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या प्रश्नापासून ते सुरू झालं होतं. पण म्हणून आपण गढूळ ठेवायचं असं नाही.

डॉक्टर आजच शोधा. नाशकात कुत्र्या-मांजरांचे भरपूर आहेत, बेडूक बघता का हे आधी फोनवर विचारा, नाही म्हणाले तर मुंबईला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या हॉस्पिटलला विचारून बघा. जायचं ठरलं तर थर्माकोलच्या बॉक्समध्ये झाकणाचा डबा आणि थोडंसंच पाणी, कसाऱ्याच्या घाटात भरलेला डबा हिंदकळतो. जखमेचा रोज एकाच बाजूने एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना ते तोंडी वर्णनापेक्षा बरं पडतं.

टबचं पाणी ब्लीच घालून, थोडा वेळ ठेवून ड्रेनेजमध्ये टाका, नाल्यात-गोदावरीत नाही, बेडूक सोडायचं तर नावच नको, आपल्या रानातल्या बेडकांना याचे रोग लागू शकतात. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, माणसाचं पोट बिघडवणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो, हात साबणाने धुवा. आणि मिठाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात बेडकाचं नाव लिहा, आमचं निम्मं पाकीट आमटीत गेलंय.