टर्बो स्नोमोबाईल बांधताय? चेसिस निवडताना या चुका टाळा

स्नोमोबाईलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीला, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) लावायचा बेत आखताना बहुतेक जण आधी इंजिन आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ठरवतात. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मग जी हाताशी असेल किंवा स्वस्तात मिळेल ती घेतली जाते. माझं मत याच्या अगदी उलट आहे. इंजिनातून जास्तीची ताकद काढणं हा या कामातला सोपा भाग. ती ताकद ट्रॅकपर्यंत (गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्यापर्यंत) पोचवणं आणि तिच्याबरोबर येणारी उष्णता बाहेर काढणं अवघड, आणि या दोन्ही गोष्टी चेसिसवर अवलंबून असतात. इंजिन उद्या बदलता येईल. टनेलची (ट्रॅकवरच्या धातूच्या बोगद्यासारख्या भागाची) लांबी, कूलरची जागा आणि जॅकशाफ्ट (क्लचकडून ताकद पुढे नेणारा दांडा) सहजासहजी बदलता येत नाहीत.

सगळ्यात हलकी चेसिस तीच चांगली, असं समजणं

डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी बनलेली टू-स्ट्रोक चेसिस हलकी असते, म्हणून तिच्यात तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आणि वर टर्बो बसवायचा मोह होतो. पण एकूण वजनापेक्षा ते कुठे पडतं हे महत्त्वाचं. जड इंजिन, टर्बो, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) हे सगळं पुढे आलं की भुसभुशीत बर्फात गाडी नाक खुपसते आणि उतारावर आडवी चालवताना हात भरून येतात. पुढच्या स्प्रिंग कडक केल्याने नाक वर दिसतं, वजन मात्र तिथेच राहतं. विकत घेण्याआधी दोन्ही स्कींखाली आणि ट्रॅकखाली वेगवेगळे वजनकाटे ठेवून मोजा, आणि नव्या भागांचं वजन त्यात मिळवून बघा.

कंपन्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. २०१४च्या मॉडेलपासून यामाहाने एसआरवायपरमध्ये स्वतःचं १०४९ सीसीचं इंजिन आर्क्टिक कॅटच्या प्रोक्रॉस चेसिसमध्ये बसवलं. २०१७च्या साइडवाइंडरमध्ये ९९८ सीसीचं टर्बो इंजिनही त्याच घराण्याच्या चेसिसमध्ये आलं. म्हणून फोर-स्ट्रोक टर्बो करायचा असेल तर मी सगळ्यात आधी हीच चेसिस बघायला सांगतो. टू-स्ट्रोक हवं असेल, तर स्की-डूने २०२०च्या समिट मॉडेलमध्ये आणि पोलारिसने २०२२च्या मॉडेलपासून कारखान्यातच टर्बो दिलेला आहे. सगळे सुटे भाग जोडून येणारा खर्च आणि अशा वापरलेल्या गाडीची किंमत एकदा शेजारी शेजारी लिहून बघाच.

उष्णतेचा हिशेब न करणं

सगळ्यात जास्त गाड्या इथे फसतात. स्नोमोबाईलला मोटारीसारखा समोरून वारा घेणारा मोठा रेडिएटर सहसा नसतो. टनेलखालच्या कूलरवर ट्रॅक बर्फ उडवतो आणि त्यानेच पाणी थंड होतं. डोंगरी चेसिसमध्ये वजन वाचवायला कूलर लहान ठेवलेले असतात, कारण तिथे बर्फ भरपूर. तीच चेसिस टर्बो लावून गोठलेल्या तळ्यावर किंवा घट्ट दाबलेल्या ट्रेलवर नेली की काही वेळातच तापमानाचा दिवा लागतो. मग लोक थर्मोस्टॅट बदलतात, पंप बदलतात. आधी आइस स्क्रॅचर (बर्फ खरवडून कूलरवर उडवणारे काटे) लावून चालवून बघा. तापमान उतरलं तर पंप ठीक आहे, कूलर अपुरा आहे. ट्रेलवर चालवणार असाल तर लांब कूलर असलेलीच चेसिस घ्या.

दुसरी उष्णता बॉनेटखालची. उदाहरणादाखल बूस्टने हवेचा दाब दीडपट होतोय आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरू. बाहेरची उणे ५ अंशांची हवा ओढली तर ती कंप्रेसरमधून सुमारे ४२ अंशांवर बाहेर पडते. एक्झॉस्टजवळची ४० अंशांची हवा ओढली तर तीच सुमारे ९५ अंशांवर जाते! इतकी गरम हवा डेटोनेशनला (सिलिंडरमध्ये इंधन स्फोटासारखं भडकण्याला) आमंत्रणच देते, आणि डेटोनेशन पिस्टन खातं. म्हणून चेसिस बघताना हवा कुठून आत येणार, इंटरकूलरला थंड वारा कुठून मिळणार आणि एक्झॉस्ट कुठून बाहेर पडणार, हे तिन्ही रस्ते कागदावर काढा. यातला एक जरी दुसऱ्याला चिकटून जात असेल तर ती चेसिस सोडून द्या.

उंचीचाही विचार करा. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के असतो. तो परत मिळवायला साडेचार पीएसआय बूस्ट पुरतो. फक्त उंचावर गमावलेली ताकद परत हवी असेल, तर भारी चेसिस आणि मोठ्या टर्बोची गरजच नाही.

क्लचची रेषा गृहीत धरणं

दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं की प्रायमरी (इंजिनावरच्या) आणि सेकंडरी (जॅकशाफ्टवरच्या) क्लचमधलं अंतर बदलतं. बेल्टची लांबी त्या अंतरावर ठरते, त्यामुळे इंजिन माउंट वेल्ड करण्याआधी बेल्ट चढवून बघायलाच हवा. उभ्या गाडीत पट्टी लावली तर रेषा अचूक दिसते, तरीही बेल्ट फाटतच राहतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. तिथे जोर पडला की रबरी माउंट दबून इंजिन सेकंडरीकडे ओढलं जात असतं. बेल्टची एकच कड झिजली असेल तर हाच संशय घ्या आणि इंजिनाला टॉर्क स्टॉप (ते सरकू न देणारा टेकू) लावा. प्रोक्रॉसमध्ये दोन्ही क्लचमधलं अंतर कायम ठेवणारा जोड मुळातच दिलेला आहे, हे तिच्या बाजूने आणखी एक कारण.

टर्बोचं तेल

फोर-स्ट्रोकमध्ये टर्बोतून परत येणारं तेल गुरुत्वाकर्षणानेच खाली उतरतं. जागा नाही म्हणून टर्बो इंजिनाच्या तळाशी बसवला की तेल साचतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. थोडा वेळ आयडलवर ठेवून थ्रॉटल दिला की निळा धूर. नवा टर्बो आणण्याआधी ती नळी तपासा: तिला पूर्ण लांबीभर उतार हवा, कुठेही झोळ नको. तसा उतार मिळतच नसेल तर तेल खेचणारा वेगळा पंप लागेल. टू-स्ट्रोकमध्ये दाबाखाली फिरणारं तेलच नसतं, त्यामुळे टर्बोच्या तेलाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.

ट्रॅकबद्दल थोडक्यात: ३ इंची लग (रबरी दात) असलेला ट्रॅक प्रत्येक टनेलमध्ये मावत नाही, तो कूलरला घासतो. ड्राइव्ह शाफ्ट खाली उतरवावा लागेल का हे आधी मोजा.

शेवटची तपासणी टनेलची. जिथे टनेल बल्कहेडला (चेसिसच्या पुढच्या भागाला) जोडला आहे तिथले रिव्हेट टॉर्चने बघा. एखाद्या रिव्हेटच्या डोक्याभोवती काळसर-करडी भुकटी दिसली तर तो जोड हलतोय. ती घासलेल्या अॅल्युमिनिअमची भुकटी असते. असे रिव्हेट ड्रिल करून काढा, भोकं लांबट झाली आहेत का बघा, आणि झाली असतील तर मोठ्या रिव्हेटबरोबर आतून पट्टीही लावा. हे काम बूस्ट वाढवायच्या आधीच उरका.