क्राफ्ट बिअर घेताना भाव मिलीलिटरवर काढा

क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनलेल्या बिअरच्या, कॅनवरची किंमत फसवते. समजा 330 मिलीचा कॅन 165 रुपयांना आणि 500 मिलीचा 225 रुपयांना आहे. 100 मिलीमागे पहिला 50, दुसरा 45 रुपये. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्येही (जिथली बिअर तिथेच बनते) ग्लास किती मिलीचा आणि व्हॅट, सर्व्हिस चार्ज धरून किती, हे आधीच विचारा. छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळत असेल तर तोच मागवा.

चव जुळवताना एकाच प्रकारच्या बिअर समोरासमोर ठेवा. विटबिअर (बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर) आणि स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर) यांची तुलना व्यर्थ. प्रकार वेगळे असतील तर क्रम गव्हाची, मग आयपीए (कडवट, सुगंधी बिअर), शेवटी स्टाउट. आधी तीव्र चवीची घेतली की पुढची फिकी लागते. बर्फगार बिअरचा वास दबतो, म्हणून फ्रिजमधून काढून दहाएक मिनिटं थांबा. हेफेवायझनला (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) केळं-लवंगेचा वास हवा, विटबिअरला संत्र्याची साल आणि धण्याचा.

दुकानात उत्पादनाची तारीख बघाच. आयपीए तीन महिन्यांच्या आतली घ्या, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) सुगंध आधी उडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बिअर शिळी. उन्हात मांडलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली स्वस्तातही नको.

गोव्यात कर कमी, त्यामुळे भावही. पण परवान्याशिवाय तिथली बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.