क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला फुगतंय? या चुका टाळा

पगार झाला की निम्मा कार्डाच्या बिलात जातो आणि पंधरा तारखेपासून किराणा, पेट्रोल पुन्हा कार्डावरच. असं दोन-तीन महिने चाललं असेल, तर खर्च हाताबाहेर गेलाय हे मान्य करा. आणखीही खुणा असतात. स्टेटमेंट आलं की एकूण रक्कम न बघता फक्त शेवटची तारीख बघायची, घरच्यांसमोर पार्सल उघडायचं टाळायचं, लिमिट वाढली की पगार वाढल्यासारखा आनंद व्हायचा.

मिनिमम ड्यू भरून निर्धास्त राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, 50,000 रुपये थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झालं 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315, म्हणजे एकूण 2,065 रुपये. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान भरायची रक्कम, बऱ्याचदा थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे तुम्ही भरले 2,500. कर्ज कमी झालं जेमतेम 435 रुपयांनी! लेट फी वाचली, एवढाच काय तो फायदा.

त्यात मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या भाजीवरही आजपासूनच व्याज सुरू. म्हणून थकबाकी फिटेपर्यंत त्या कार्डावर एक रुपयाचाही नवा खर्च नको. हे जमलं नाही, तर बाकीचे उपाय वाया जातात.

ऑटोपेही एकदा उघडून बघा. तिथे 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू' असे दोन पर्याय असतात. ऑटोपे लावलाय म्हणून बिल पूर्ण भरलं जातंय असं समजणारे अनेक जण असतात आणि प्रत्यक्षात निवडलेला असतो मिनिमम.

एफडी तशीच ठेवून कार्डाचं व्याज भरत राहणं

'एफडी मोडायची नाही' हा आपल्या घरांतला दंडक. एरवी तो चांगलाच आहे, पण इथे नुकसान करतो. एफडीवर वर्षाला सहा-सात टक्के मिळतात आणि कार्ड वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात घेतं. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरला तरी एफडी मोडून कार्ड फेडणंच फायद्याचं. एफडी नसेल तर सोनेतारण किंवा पर्सनल लोन घ्या. दर साधारणपणे कार्डापेक्षा बराच कमी असतो. फक्त एक धोका लक्षात ठेवा. कर्ज काढून कार्ड कोरं केलं की लिमिट पुन्हा मोकळी दिसते. त्याच दिवशी अ‍ॅपमधून ती कमी करून घ्या, नाहीतर वर्षभरात दोन्ही ओझी डोक्यावर येतात.

एका कार्डाचं बिल दुसऱ्यावर ढकलणं

याची टोपी त्याच्या डोक्यावर घालून कर्ज फिटत नाही. कार्डावरून एटीएममधून रोख काढणं तर टाळाच: फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

कार्ड सतत हाताशी ठेवणं

निश्चय करून सवय सुटत नाही, वाट अडवावी लागते. शॉपिंग आणि जेवण मागवायच्या अ‍ॅपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर ते आधी काढा. चहाचे वीस रुपयेही उधारीवर जाऊ लागले की हिशेब राहत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद करायची सोय असते, ती वापरा.

नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून दिले जाणारे हप्ते, त्याबद्दल एवढंच: प्रोसेसिंग फी आणि जीएसटी बहुतेकदा लागतोच. चालू हप्त्यांची बेरीज कागदावर मांडल्याशिवाय नवा हप्ता घेऊ नका.

वसुलीच्या फोनला घाबरून गप्प बसणं

फोन उचलत नाही म्हणून कर्ज थांबत नाही. बँकेला स्वतःहून गाठा आणि थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. 'थोडे भरा, बाकी माफ' अशी सेटलमेंट अगदी नाइलाज झाल्यावरच स्वीकारा, कारण सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी अडचण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंट सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाही. शिवीगाळ झाली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

पूर्ण पैसे फेडल्यावर जास्तीची कार्डं बंद करायला सांगा. अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात.