आयुक्त? कुठले आयुक्त?

एमपीएससीचा अभ्यास नुकताच सुरू केलाय त्यांच्यासाठी लिहितोय, माझी फजिती झाली ती तुमची नको. मॉक इंटरव्ह्यूला पॅनेलमधल्या एका सरांनी विचारलं, आयुक्तांना पदावरून कोण काढू शकतं? मी लगेच ठोकून दिलं, राज्य सरकार. सर शांतपणे म्हणाले, "कुठले आयुक्त?" पुढची दहा मिनिटं नुसता घाम.

तेव्हा कळलं की आयुक्त हा शब्द पाठ करून काही होत नाही, त्यांना नेमतं कोण आणि घालवतं कोण हे बघायचं. महापालिकेचंच घ्या. आपण महापौरांना मोठं समजतो पण कारभाराची सही आयुक्तांची, बजेट पण तेच मांडतात, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. मुंबईला 1888 चा कायदा, बाकी शहरांना 1949 चा. नगरसेवकांच्या हातात काहीच नाही असंही नाही, एकूण संख्येच्या पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं असं कायद्यात लिहिलंय. आता गंमत बघा, 2016 ला नवी मुंबईत तिथले आयुक्त तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव मंजूर झाला तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही, बदली झाली ती 2017 ला, पुण्यात पीएमपीएमएलला, म्हणजे शहर बससेवेला. पुस्तकातलं कलम आणि मंत्रालयातली फाईल यात एवढं अंतर असतं, हे उदाहरण इंटरव्ह्यूला सांगा, पण राजकीय मत न देता.

राज्य निवडणूक आयुक्तांचं उलटं. नेमणूक राज्यपालांची, पण काढायचं तर हायकोर्टाच्या जजला काढतात तीच पद्धत, राज्यघटनेचं कलम 243 के. साहजिक आहे, पालिकेच्या निवडणुका घेणाऱ्या माणसाची सरकार उद्या बदली करू शकलं तर तो कोणाचं ऐकेल? केंद्रातले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणजे कलम 324, तिथे सुप्रीम कोर्टाच्या जजसारखं. या दोन्हीत मी कायम गोंधळायचो.

विभागीय आयुक्त सोपे, राज्यात सहा विभाग, कलेक्टरांच्या वरचे. पोलीस आयुक्त मोठ्या शहरांत, जिल्ह्याला एसपी.

आणि हो, नगरपालिकेला आयुक्त नसतात, मुख्याधिकारी असतात. हेही मला तेव्हा माहीत नव्हतं, नशीब सरांनी विचारलं नाही.