सीरम-क्रीमची आयात: खोका उघडा, आतला कागद वाचा

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग लागतातच, त्यावर वेळ घालवत नाही. रेटिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड असे ॲक्टिव्ह घटक असलेला माल मागवणार असाल, तर ॲडव्हान्स पाठवण्याआधी एक नमुना मागवा, खोका उघडा आणि आत घडी घालून ठेवलेला कागद वाचा. माझी मागची खेप त्याच कागदावर अडली. बाहेरचं लेबल तीनदा तपासलं होतं, त्यावर ‘त्वचा नितळ दिसते’ एवढंच होतं. आतल्या कागदाच्या शेवटच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: ‘मुरुमं बरी होतात.’

बरं करण्याचा दावा आला की सौंदर्यप्रसाधनाचं औषध होतं, आणि औषधाचा परवाना नसेल तर माल पुढे हलत नाही. अमेरिकेत सॅलिसिलिक ॲसिडचं क्रीम नुसतं मृत त्वचा काढण्यासाठी विकलं तर ते प्रसाधन ठरू शकतं. मुरुमांसाठी म्हणून विकलं की औषध, आणि मग प्रमाणही ०.५ ते २ टक्क्यांतच हवं. बाटली तीच, शब्द बदलले. म्हणून आतला कागद वाचा, आणि उत्पादकाची वेबसाइटही, कारण तिथले दावेही धरले जातात.

मग घटक. प्रत्येकाचं आयएनसीआय नाव (प्रसाधनांच्या घटकांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण नाव) आणि नेमकं प्रमाण लेखी घ्या. ‘फॉर्म्युला गुप्त आहे’ असं उत्तर आलं तर तो सौदा सोडा. युरोपीय संघात चेहऱ्याच्या उत्पादनात रेटिनॉल ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही, बॉडी लोशनमध्ये ०.०५ च्या वर नाही. त्वचेच्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन (त्वचा उजळवणारा घटक) तिथे बंदच. सनस्क्रीन युरोपात प्रसाधन, अमेरिकेत औषध. एका देशात चालतं म्हणून दुसऱ्या देशात चालेल, असं धरून चालू नका.

एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचं वर्गीकरण सांगणारा आकडा, उत्पादकाने दिला म्हणून तोच लिहू नका. त्वचेची प्रसाधनं साधारण ३३०४ मध्ये, किरकोळ विक्रीच्या पॅकिंगमधली औषधं ३००४ मध्ये. पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे देशागणिक वेगळे आणि ड्युटीचा दर बऱ्याचदा त्यांवरच ठरतो. आणि औषध नियामक ज्याला औषध म्हणतो ते कस्टम्सच्या वर्गीकरणातही औषधच असेल असं नाही. दोन्हीकडे वेगवेगळं विचारा. शंका असेल तर माल निघण्याआधीच कस्टम्सकडून आगाऊ निर्णय घ्या. ड्युटी बहुतेक देशांत भाडं आणि विमा धरून लागते, नुसत्या मालाच्या किमतीवर हिशेब केलात तर कमी पडेल.

तपासणी अहवालावरचा बॅच नंबर बाटलीच्या बुडाशी छापलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. त्या नंबरावरून अंगठा फिरवून बघा, शाई पुसली जाते का. नंबर पुसला गेला तर हातातली बाटली कोणत्या बॅचची, हेच सिद्ध करता येत नाही.

उत्पादनाची नोंदणी माल निघण्याआधी करा. युरोपात तिथला जबाबदार इसम नेमल्याशिवाय विक्रीच नाही. लेबल स्थानिक भाषेत.

विमानाने येत असेल तर एसडीएस (मालातल्या रसायनांचे धोके सांगणारं सुरक्षा-पत्रक) जोडा, अल्कोहोल असलं तर नक्कीच. व्हिटॅमिन सी उन्हात ठेवू नका. मुदत बघा, माल अडला तरी ती सरतच असते.

कागद बदलून घेतला असेल तरी माल भरायच्या दिवशी कारखान्यात कुणालातरी दोन-चार खोकी उघडायला लावा आणि आतल्या कागदाचा फोटो मागवा. जुन्या कागदांचे गठ्ठे तिथे पडलेले असतात.