उंची वाढवलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या शाफ्टचे व पिनियनचे कोन : कामापूर्वीची तयारी

सस्पेन्शनची उंची वाढवली की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी) चेसीसोबत वर जाते, ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो आणि दोहोंमधला प्रॉपेलर शाफ्ट अधिक तिरका होतो. म्हणून पाचरी (ॲक्सल व स्प्रिंगच्या मध्ये घालून ॲक्सलचा कोन बदलणारे तिरके तुकडे) किंवा नवा शाफ्ट मागवण्यापूर्वी सध्याचे कोन मोजून लिहून ठेवावेत. मोजताना ट्रक सपाट जागेवर स्वतःच्या चाकांवर उभा असावा, टायरमध्ये योग्य हवा असावी आणि नेहमीचे सामानही गाडीत असावे. चेसी जॅकवर उचलून ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले आकडे सरळ बाजूला टाकावेत.

डिजिटल कोनमापक, मोजपट्टी, टॉर्क रेंच आणि मार्कर एवढे हाताशी असले की पुरे. ट्रान्सफर केसचा आउटपुट (शाफ्ट जिथे जोडतात ते टोक), शाफ्टची नळी आणि पिनियन (शाफ्टमुळे फिरणारा ॲक्सलमधला छोटा दातेरी गिअर) या तिन्हींचा उतार, तिथला चिखल व गंज खरवडून मगच मोजावा. शेजारच्या दोन उतारांतला फरक म्हणजे त्यांच्यामधल्या जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या वाकत्या सांध्याचा) कोन. आउटपुट मागे ४ अंश उतरता, शाफ्ट १० अंश उतरता आणि पिनियनचे तोंड ४ अंश वर असेल, तर दोन्ही जॉइंटवर ६ अंश येतात. ही समानता फार मोलाची आहे, कारण तिरक्या जॉइंटमधून जाणारी गती प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होते आणि दुसऱ्या जॉइंटचा कोन तेवढाच असेल, शिवाय नळीच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तरच तो चढउतार ॲक्सलपर्यंत पोहोचत नाही व कंपन होत नाही. शाफ्ट सोडवण्याआधी मार्करने खुणा करायच्या त्या यासाठीच.

शाफ्टला ट्रान्सफर केसकडे दुहेरी जॉइंट (एकाला लागून एक असे दोन जॉइंट) असेल, तर हिशेब बदलतो : तिथे पिनियनचे तोंड शाफ्टच्याच दिशेने ठेवतात. कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ॲक्सलवर मात्र ते एक-दोन अंश खाली ठेवावे, कारण जोर लागताच पिनियन वर उचलले जाते.

पुढच्या ॲक्सलबाबत घाई नको. तिथे पिनियन वर फिरवले की सगळा ॲक्सलच फिरतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि स्टिअरिंग भरकटते. कंपन आणि कॅस्टर यांत निवड करावी लागली, तर माझ्या मते कॅस्टर आधी राखावा.

त्यानंतर स्टँडवर चेसी धरून ॲक्सल पूर्ण खाली सोडावा, शाफ्ट हाताने फिरवून जॉइंट कुठे अडतो का, नळी क्रॉसमेंबरला (चेसीच्या आडव्या पट्टीला) घासते का, हे पाहावे आणि सरकत्या स्प्लाइनची (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या खाचांच्या जोडाची) पकड पुरेशी उरली आहे, याची खात्री करावी. ब्रेकच्या होजवर ताण येत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

पिनियन बरेच वर फिरवले असेल, तर त्याच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचेल, इतकी पातळी ठेवावी. पाचरी स्टीलच्या घ्याव्यात, ॲक्सल स्प्रिंगला बांधणारे यू-बोल्ट नवेच बसवावेत, ते गाडीचे पूर्ण वजन चाकांवर आल्यावर एका कोपऱ्यानंतर तिरका समोरचा कोपरा अशा क्रमाने आवळावेत आणि थोडे चालवून झाल्यावर त्यांचा टॉर्क पुन्हा तपासावा.